जुन्या वर्कस्टेशनचं नेटवर्क बूट कुठे अडकतं: शेवटचं पॅकेट कोणाचं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिलिकॉन ग्राफिक्सच्या (एसजीआय) इंडी या वर्कस्टेशनवर आयरिक्स ६.५ ही तिची युनिक्स प्रणाली टाकायचीय. सीडी ड्राइव्ह कामाचा नाही, म्हणून एका लिनक्स मशीनवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर लावून त्यातूनच बूटपी (मशीनला पत्ता देणारा प्रोटोकॉल) आणि टीएफटीपी (फाइल उतरवणारा साधा प्रोटोकॉल) सुरू केलंय. इंडीला पत्ता मिळतो, 'ऑब्टेनिंग एफएक्स.एआरसीएस फ्रॉम सर्व्हर' अशी ओळ उमटते (एफएक्स म्हणजे डिस्कची मांडणी करणारा प्रोग्रॅम) आणि मग सगळं थिजतं. शेजारी सनचं एक स्पार्कस्टेशन ५ आहे, ते 'टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट' हेच पुन्हा पुन्हा छापत बसतं. फायरवॉल बंद करून झाली, केबल बदलून झाली. दुसऱ्या लॅपटॉपवरून तीच फाइल टीएफटीपीने मागितली तर झटक्यात उतरते. मग बिघाड नक्की कुठे?

दोन्ही मशीनं बहुधा ठणठणीत आहेत. इंडीचं दुखणं तुमच्या वर्णनावरूनच ओळखू येतं आणि त्याचा उपाय एका ओळीचा आहे. स्पार्कस्टेशनला थोडं जास्त काम लागेल. पण आधी पद्धत सांगतो, कारण हा अडथळा दूर झाला की पुढचा येणार आहे आणि तिथेही हीच पद्धत लागेल. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत.)

या मशीनांच्या प्रॉममधले, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या कोडचे, त्रुटी-संदेश फारसे मनावर घेऊ नका. अपुऱ्या जागेत बसवलेला तो कोड आहे. तीन वेगवेगळ्या बिघाडांना तो एकच संदेश देतो आणि कधीकधी संदेशही न देता गप्प बसतो. खरं काय चाललंय ते तारेवर दिसतं. सर्व्हरवर टीसीपीडम्प, म्हणजे तारेवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, चालू ठेवा, वर्कस्टेशनला बूट करायला लावा आणि सगळं थंडावलं की एवढंच बघा: शेवटचं पॅकेट कोणी पाठवलं, आणि त्याला उत्तर कोणी द्यायला हवं होतं? मशीनने विचारलं आणि सर्व्हर गप्प राहिला, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत. सर्व्हर पुन्हा पुन्हा तेच उत्तर देतोय आणि मशीन ढिम्म, तर उत्तर पोचत नाहीये किंवा मशीनला ते पचत नाहीये. आणि तारेवर काहीच नसेल, तर सर्व्हरच्या फाइली उघडूही नका, दोष केबल, स्विच किंवा मशीनच्या स्वतःच्या ईथरनेट पत्त्यात आहे.

टीसीपीडम्प चालवताना एक चूक सर्रास होते. लोक 'पोर्ट ६९' असा गाळणा लावतात आणि त्यांना एकच पॅकेट दिसतं. टीएफटीपीत पहिली मागणी फक्त ६९ वर जाते, त्यानंतर सर्व्हर स्वतःसाठी नवा पोर्ट उघडून तिथून बोलतो. म्हणजे खरा संवाद गाळण्याच्या बाहेरच राहतो. आरएआरपी (ईथरनेट पत्ता सांगून आयपी पत्ता विचारण्याची जुनी पद्धत) तर आयपीच नाही, ईथरनेटच्या थरावर वेगळ्या प्रकारची फ्रेम असते, त्यामुळे पोर्ट किंवा आयपीचा कुठलाही गाळणा लावलात की ती नजरेआड. 'ईथर होस्ट' लिहून पुढे मशीनचा ईथरनेट पत्ता द्या. '-एन' लावा म्हणजे तो नावं शोधत बसणार नाही, '-ई' लावा म्हणजे दोन्ही बाजूंचे ईथरनेट पत्ते दिसतील. आणि हे सर्व्हरवरच चालवा. स्विचला लावलेल्या तिसऱ्या मशीनवरून फक्त ब्रॉडकास्ट दिसतात, बाकीचं नाही.

तारेबद्दल थोडं, कारण निम्मा वेळ इथेच वाया जातो. इंडी आणि स्पार्कस्टेशन ५ या दोघांचं अंगचं ईथरनेट १० मेगाबिटचं आहे, तेही हाफ डुप्लेक्स. अडीच किंवा दहा गिगाबिट पोर्टांच्या बऱ्याच नव्या स्विचांत १० मेगाबिटची सोयच उरलेली नाही, तिथे दिवा लागणार नाही. साधा, बिनव्यवस्थापनाचा १०/१०० स्विच सगळ्यात उत्तम. स्विचवर वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवू नका, ऑटोवर राहू द्या. जुनं मशीन वाटाघाटी करत नाही हे ओळखून स्विच आपणहून हाफ डुप्लेक्सवर येतो, जबरदस्तीने फुल लावलंत तर धडका होतील आणि फाइल रडतखडत उतरेल. व्यवस्थापित स्विच असेल तर त्यातलं स्पॅनिंग ट्री (जाळ्यातली वर्तुळं टाळणारी सोय) बघा. पोर्ट जागा झाल्यावर ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद जातात, तेवढ्यात प्रॉमची मुदत संपलेली असते. त्या पोर्टवर ही वाट बघणं टाळणारं पोर्टफास्ट लावा.

स्विच टाळून थेट सर्व्हरला केबल जोडायचा मोह होतो, तोही आवरा. वर्कस्टेशन रीसेट झालं की लिंक क्षणभर पडते, लगेच नेटवर्कमॅनेजर सर्व्हरच्या त्या कार्डावरचा आयपी पत्ता काढून घेतो, आणि बूटपीची मागणी येते तेव्हा सर्व्हरला स्वतःचाच पत्ता नसतो. मध्ये एक स्विच असला की सर्व्हरच्या बाजूची लिंक पडत नाही. घरच्या राउटरच्या जाळ्यातही हे करू नका. काही राउटर बूटपीच्या मागणीला आपलं उत्तर ठोकून देतात, त्यात फाइलचं नाव नसतं, आणि मशीन त्यालाच सर्व्हर समजून राउटरकडे फाइल मागत बसतं. वेगळा स्विच, वेगळं कार्ड, वेगळा पत्त्यांचा पट्टा. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर जोडणी ब्रिज्ड हवी, एनएटीतून यातलं काहीही धड चालत नाही, आणि तो ब्रिज वायफायवर नको.

आता इंडी. तुमच्या टीसीपीडम्पमध्ये काय दिसेल ते मी न बघता सांगतो. बूटपीची मागणी, तिला उत्तर. मग इंडीकडून ६९ वर वाचनाची मागणी. मग सर्व्हरकडून ५१२ बाइटांचा ब्लॉक १, पाठवणारा पोर्ट चाळीस हजारांच्या किंवा पन्नास हजारांच्या घरातला. आणि त्यापुढे काही सेकंदांनी पुन्हा ब्लॉक १, पुन्हा ब्लॉक १. इंडीकडून पोच नाही.

कारण असं की या पिढीतल्या एसजीआय प्रॉमना ३२७६७ च्या वरचा पोर्ट झेपत नाही. पोर्टचा आकडा १६ बिटांचा असतो, ० ते ६५५३५. तो चिन्हासहित साठवला की ३२७६८ पासून पुढचे सगळे आकडे ऋण होतात आणि गणित तिथेच बिघडतं. त्या काळी सर्व्हर तात्पुरते पोर्ट खालच्या आकड्यांतून देत, त्यामुळे हा दोष कधी कोणाला टोचला नाही. आजच्या लिनक्सवर तात्पुरत्या पोर्टांचा ठरलेला पट्टा ३२७६८ ते ६०९९९ आहे. म्हणजे प्रॉमची हद्द जिथे संपते त्याच्या पुढच्याच आकड्यापासून लिनक्स सुरू होतो! त्यामुळे हे 'कधी चालतं, कधी नाही' अशातलं प्रकरण नाही. काही न बदलता ते कधीच चालणार नाही. लॅपटॉपवरून फाइल उतरते याचा इथे काहीच उपयोग नाही, लॅपटॉपच्या टीएफटीपीला कुठलाही पोर्ट चालतो.

उपाय: डीएनएसमास्कच्या मांडणीत 'टीएफटीपी-पोर्ट-रेंज' देऊन २०४८ ते ३२७६७ चा पट्टा लिहा. टीएफटीपीडी-एचपीए वापरत असाल तर '-आर' हा मोठ्या लिपीतला पर्याय तेच करतो. कुठलाही सर्व्हर असला तरी चालेल असा मार्ग म्हणजे सिस्कटीएलने 'आयपी-लोकल-पोर्ट-रेंज' बदलून २०४८ आणि ३२७६७ करणं. सोबत 'आयपी-नो-पीएमटीयू-डिस्क' हे मूल्य १ करा. लिनक्स पाठवताना पॅकेटांवर 'तुकडे करू नका' असा बिट लावतो, तो पाहून जुने प्रॉम फाइल घ्यायचं नाकारतात. डेबियनच्या मिप्स आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन पुस्तिकेत हे दोन्ही उपाय शेजारी-शेजारी दिलेले होते. मी दोन्ही एकदमच लावतो, कोणता लागू पडला याचं कुतूहल नंतर भागवता येतं.

हे केल्यावरही अडलं, तर पुढच्या शक्यता अशा. इंडीच्या नोंदीत 'नेटॲडर' नावाचं जुनं मूल्य पडलेलं असू शकतं, आधीच्या मालकाच्या जाळ्यातलं. ते असलं की मशीन बूटपीच्या मागणीतच 'माझा पत्ता हा' असं सांगतं आणि सर्व्हर उत्तर त्या पत्त्यावर पाठवायला जातो. कमांड मॉनिटरमध्ये 'प्रिंटएन्व्ह' करून बघा, जुळत नसेल तर 'अनसेटएन्व्ह नेटॲडर' करा किंवा बरोबर पत्ता द्या. डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये बूटपीच्या ओळीपुढे 'नो ॲड्रेस कॉन्फिगर्ड' दिसलं तर समजा की तो डीएचसीपीच्या साठ्यातून बूटपीला पत्ता देत नाहीये. त्यासाठी 'डीएचसीपी-होस्ट' लिहून ईथरनेट पत्ता आणि आयपीची जोडी पक्की करा. आयएससीचा डीएचसीपीडी अजून चालवत असाल आणि लॉगमध्ये 'नॉन-आरएफसी१०४८' हे शब्द येत असतील, तर 'ऑलवेज-रिप्लाय-आरएफसी१०४८' हा पर्याय चालू करा.

फाइलच्या वाटेचं नाव आखूड ठेवा. बूटपीत फाइलच्या नावाला १२८ बाइटच जागा आहे, आणि प्रॉमच्या ओळीवर लांबलचक वाट टंकताना एक अक्षर चुकलं की पुन्हा सगळं आलं. मी टीएफटीपीच्या मुळाशीच एक-दोन अक्षरी नावाच्या डिरेक्टरी करतो. फाइली सगळ्यांना वाचता येतील अशा हव्यात, कारण टीएफटीपी सर्व्हर हक्क नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. मूळ सीडींवरची फाइल-प्रणाली ईएफएस आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिच्यासाठी फक्त वाचनापुरतं मॉड्यूल असतं, त्याने माउंट करून प्रत्येक सीडी वेगळ्या डिरेक्टरीत उतरवा.

आवृत्तीचीही खात्री करून घ्या. इंडीसाठी आयरिक्सची शेवटची आवृत्ती ६.५.२२ आहे. २००६ साली आलेली ६.५.३० ही एकूणातली शेवटची, पण ती ओटू, ऑक्टेन आणि त्यापुढच्यांसाठी. लोक मिळेल तो सर्वांत नवा संच उतरवतात आणि इंडी तो का घेत नाही म्हणून नेटवर्कला शिव्या देतात. तसंच एफएक्सचं: इंडीला एफएक्स.एआरसीएस लागतं, ऑक्टेनसारख्या ६४ बिट प्रॉमच्या मशीनला एफएक्स.६४. चुकीचं दिलंत तर फाइल पूर्ण उतरते आणि चालवताना बोंब होते. तारेवर शेवटपर्यंत पोच दिसत असेल आणि नंतर गडबड झाली असेल, तर नेटवर्क सोडून द्या.

एफएक्स सुरू झालं की डिस्क विचारेल. इंडीत अंगची डिस्क सहसा पहिल्या कंट्रोलरवर, म्हणजे ० वर, आणि स्कझी क्रमांक १ वर असते. रीपार्टिशनमध्ये रूटड्राइव्ह निवडा, फाइल-प्रणाली एक्सएफएस. याने विभाग ० वर रूट, १ वर स्वॅप, ८ वर व्हॉल्यूम हेडर आणि १० वर पूर्ण डिस्क अशी मांडणी होते. स्वॅपचा विभाग विसरू नका, कारण मिनीरूट म्हणजे इन्स्टॉलरची छोटी प्रणाली आधी त्या स्वॅपमध्येच उतरते आणि तिथून चालू होते. आधीच्या प्रणालीची डिस्क तशीच वापरायला गेलात आणि तिथे विभाग १ नसला, तर मिनीरूटपाशी गाडी अडेल.

मग प्रॉमच्या मेन्यूत 'इन्स्टॉल सिस्टम सॉफ्टवेअर', त्यात रिमोट डिरेक्टरी, आणि 'इन्स्टॉलेशन टूल्स अँड ओव्हरलेज' या नावाच्या पहिल्या सीडीतल्या डिस्ट डिरेक्टरीची वाट. इथपर्यंत टीएफटीपी. मिनीरूट चढून इन्स्ट हा इन्स्टॉलर उघडला की प्रोटोकॉल बदलतो, आणि 'आतापर्यंत चालत होतं, आता अचानक काय झालं' हा प्रश्न बरेच जण इथे विचारतात. इन्स्ट फाइली आरएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवण्याच्या जुन्या पद्धतीने, आणतो. वापरकर्त्याचं नाव दिलं नाही तर 'गेस्ट' धरतो. म्हणजे सर्व्हरवर आरएसएच सर्व्हर चालू हवा, गेस्ट नावाचं खातं हवं, त्याला खरा शेल हवा आणि इंडीच्या आयपीला पासवर्डशिवाय प्रवेश देणारी नोंद डॉट-आरहोस्ट्समध्ये हवी. त्या खात्याच्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलींत स्वागताचा संदेश वगैरे काही छापलं जाऊ देऊ नका, इन्स्टॉलरला ती अक्षरं फाइलीतलीच वाटतात. आजच्या वितरणांत आरएसएच सर्व्हर आधीपासून नसतोच, वेगळा बसवावा लागतो. टीसीपीडम्पमध्ये ५१४ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर इंडीचा प्रयत्न आणि त्याला सर्व्हरचा नकार दिसला की समजायचं, हेच.

आता स्पार्कस्टेशनकडे वळू. इथे बूटपी नाही. सनची ही पिढी चार पायऱ्यांनी चढते: आरएआरपीने आपला आयपी विचारते, टीएफटीपीने बूटलोडर आणते, बूटपॅरॅम्सने 'माझं नाव काय, माझं रूट कुठे' असं विचारते, आणि शेवटी एनएफएसवरून (सर्व्हरची डिरेक्टरी जाळ्यावरून वापरू देणारी सोय) कर्नल वाचते. डीएनएसमास्क यातली पहिली पायरी मुळीच करत नाही. त्यामुळे तुमच्या मांडणीत स्पार्कस्टेशनला उत्तर देणारं कोणी नाहीच, 'टाइमआउट' येणारच. पण आरएआरपीला उत्तर देणारा आरएआरपीडी बसवण्याआधी मशीनचा स्वतःचा पत्ता शाबूत आहे का ते तपासा.

या मशीनांत घड्याळ, सेटिंग आणि ईथरनेट पत्ता एकाच चिपमध्ये असतो आणि बॅटरी त्या चिपच्या पोटातच बंद केलेली असते. दहा वर्षांच्या आसपास ती संपते, म्हणजे आज सापडणाऱ्या मशीनांत मूळ चिप असेल तर ती मेलेलीच धरून चाला. सुरू होतानाच आयडीप्रॉम (त्या चिपमधला मशीनच्या ओळखीचा भाग) अवैध असल्याचा संदेश येतो. ओके प्रॉम्प्टवर 'डॉट-एनेट-ॲडर' टंका. सनचा खरा पत्ता ०८:००:२० ने सुरू होतो. सगळे एफएफ दिसले तर काही खरं नाही, कारण पहिला बाइट विषम असलेला पत्ता एका मशीनचा असूच शकत नाही, तो समूहाचा पत्ता ठरतो. इंडीचंही दुखणं हेच असू शकतं, तिचाही पत्ता बॅटरीवर जगणाऱ्या चिपमध्येच आहे. तिथे खऱ्या पत्त्याची सुरुवात ०८:००:६९.

सनवर एमकेपी या आज्ञेने आयडीप्रॉमचे १६ बाइट हाताने भरता येतात. क्रमांक ० वर ०१, क्रमांक १ वर मशीनचा प्रकार, २ ते ७ ईथरनेट पत्ता, ८ ते ११ तारीख, १२ ते १४ होस्ट क्रमांक, आणि १५ वर आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्सॉर. तो शेवटचा बाइट चुकला तर आधीचं सगळं व्यर्थ, म्हणून कागदावर लिहून घ्या आणि दोनदा ताडा. बॅटरी मेलेली असेल तर हे वीज असेपर्यंतच टिकतं, तेव्हा भरलं की मशीन बंद न करता त्याच बैठकीत बूट करा. चिप बदलायची की जुनीच कोरून बाहेरून बॅटरी जोडायची हा पुढचा प्रश्न, दोन्ही चालतं.

पत्ता बरा असेल तर ओके प्रॉम्प्टवर 'वॉच-नेट' करा. ही सुंदर सोय आहे. जाळ्यावर धड पॅकेट दिसलं की पडद्यावर एक टिंब उमटतं, बिघडलेलं दिसलं की एक्स. सर्व्हरवरून सतत ब्रॉडकास्ट पाठवत राहा आणि बघा. टिंबं येत असतील तर केबल, स्विच आणि मशीनची ऐकण्याची बाजू ठीक. काहीच नाही आलं तर ट्विस्टेड पेअर (नेहमीची केबल) आणि एयूआय (जुन्या प्रकारची जोडणी) यांतलं भलतंच निवडलं गेलंय का ते पाहा. 'लॉस्ट कॅरियर' असा संदेश याच घोळाचा असतो.

मग आरएआरपीडी. लिनक्सवरचा आरएआरपीडी एक छुपी अट लावतो: त्या आयपीची बूट फाइल टीएफटीपीबूट डिरेक्टरीत असेल तरच उत्तर देतो. ईथर्स फाइलीत ईथरनेट पत्ता आणि आयपीची जोडी बरोबर आहे, तारेवर मागणी दिसतेय, तरी सर्व्हर मुका, असं झालं तर कारण हेच. '-ई' पर्याय लावला की तो फाइल न तपासता उत्तर देतो. आरएआरपी राउटर ओलांडत नाही, सर्व्हर त्याच तारेवर हवा.

बूट फाइलीचं नाव म्हणजे आयपी पत्ता, सोळाच्या पायात, मोठ्या लिपीत. १९२.१६८.१०.५० असेल तर सी०ए८०ए३२. स्पार्कस्टेशन ५ हे सन४एम जातीचं, म्हणून पुढे टिंब देऊन सन४एम, तेही मोठ्या लिपीत. मी शेपटीचं आणि बिनशेपटीचं अशा दोन्ही नावांच्या लिंक करून ठेवतो, वाद मिटतो. फाइल उतरू लागली की पडद्यावर सोळाच्या पायातला एक आकडा भराभर वाढताना दिसतो. तो आकडा वाढून थांबला म्हणजे बूटलोडर आला आणि सुरू झाला. त्यानंतर शांतता पसरली तर टीएफटीपीला दोष देऊ नका, मशीन आता बूटपॅरॅम्सपाशी आहे.

आणि आजच्या लिनक्सवर सगळ्यात चिवट अडथळा इथेच आहे. बूटलोडर 'मी कोण' हा प्रश्न ब्रॉडकास्टने विचारतो, तोही उत्तर देणाऱ्या बूटपॅरॅमडीला थेट नाही, १११ क्रमांकाच्या पोर्टवर बसून कुठली सेवा कुठे आहे ते सांगणाऱ्या आरपीसीबाइंडला, 'हा प्रश्न तूच पुढे पोचव' म्हणून. असे परस्पर पोचवण्याचे निरोप आता आरपीसीबाइंड सुरक्षेसाठी घेतच नाही. बूटपॅरॅमडी जिवंत असतो, त्याची मांडणी बिनचूक असते, पण प्रश्न त्याच्यापर्यंत येत नाही, म्हणून त्याच्या लॉगमध्ये एक ओळही नसते. टीसीपीडम्पमध्ये १११ वर येणारी मागणी आणि नंतर काहीच नाही, ही याची खूण. आरपीसीबाइंड '-आर' पर्यायाने (इथे छोट्या लिपीत) सुरू करा.

तेवढं झालं की एनएफएस. नेटबीएसडी या मुक्त युनिक्स प्रणालीचा बूटलोडर एनएफएसची आवृत्ती २ बोलतो, यूडीपीवर. नव्या कर्नलांत आवृत्ती २ आणि यूडीपी दोन्ही एकतर बंद असतात किंवा काढलेले असतात. 'आरपीसीइन्फो -पी' ने सर्व्हर खरंच काय देतोय ते बघून घ्या, मांडणीच्या फाइलीत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. सनची स्वतःची सोलारिस प्रणाली टाकणार असाल तर सन४एमसाठी सोलारिस ९ ही शेवटची आवृत्ती, १० मध्ये या मशीनांना जागा नाही. जंपस्टार्टने (सोलारिसच्या नेटवर्कवरून इन्स्टॉल करण्याच्या सोयीने) बूट करताना 'बूट नेट - इन्स्टॉल' यातल्या आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. ती सोडायची राहिली तर प्रॉम काहीतरी भलतंच समजतो आणि पडद्यावरून ते कळत नाही.

इतकं वाचून सनसाठी लिनक्सशी झटापट करावीशी वाटेनाशी झाली असेल, तर ते शहाणपणाचंच आहे. माझं मत विचाराल तर अशा कामासाठी नेटबीएसडीचं एक छोटं मशीन, हवं तर ब्रिज्ड जोडणीचं व्हर्च्युअल, बाजूला ठेवावं. आरएआरपीडी, बूटपॅरॅमडी, टीएफटीपीडी आणि यूडीपीवरचं जुनं एनएफएस हे सगळं त्याच्या मूळ प्रणालीतच येतं. पुढे कधी व्हॅक्सस्टेशन हाती लागलं तर डेकच्या मॉप प्रोटोकॉलसाठी मॉपडी, आणि एचपीच्या ९००० मालिकेतल्या ३०० सारख्या मशीनांसाठी आरबूटडी हेही तिथेच मिळतात. ही दोन्ही आरएआरपीसारखीच आयपीबाहेरची प्रकरणं आहेत, बूटपीची वाट बघत बसलात तर वाटच बघाल. इंडीसाठी मात्र लिनक्स पुरेसा आहे, पोर्टचा पट्टा बदलला की झालं.

तुमच्या क्रमाने सांगायचं तर आधी पोर्टचा पट्टा बदलून इंडी बूट करा, तिचं इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ द्या, मग सर्व्हर सनसाठी मांडा. दोन्ही एकदम चालवलीत तर टीसीपीडम्पच्या ओळींत कोणाचं काय ते शोधण्यात वेळ जाईल. आणि इंडी स्वतःच्या डिस्कवरून उठली की सर्व्हरवरचा आरएसएच बंद करा, गेस्टचं खातं काढा आणि पोर्टचा पट्टा पूर्ववत करा, विशेषतः ते मशीन तुमचं रोजच्या वापरातलं असेल तर.